डोना समरचा पहिला अल्बम नक्की कुठला? आणि प्रत्येक देशात लेबल वेगळं का?

रात्रपाळी:

मंडळी, जरा मदत करा. डोना समर, ती डिस्कोवाली गायिका, पहिल्यापासून ओळीने ऐकायची असं ठरवलंय, म्हणजे नुसती हिट गाणी नाही तर अल्बम घेऊन, आणि पहिल्याच पायरीला घोळ झालाय. एका अमेरिकन यादीत पहिला अल्बम म्हणून १९७५ चा 'लव्ह टू लव्ह यू बेबी' दिलाय. दुसरीकडे एका डच विक्रेत्याकडे १९७४ चा 'लेडी ऑफ द नाइट' दिसतोय, तोही तिचाच, आणि खाली लिहिलंय पहिला अल्बम. आता पहिला कुठला धरायचा?

बरं ते सोडा, 'लव्ह टू लव्ह यू बेबी' विकत घ्यायला गेलो तर एकाच अल्बमच्या चार तऱ्हा. अमेरिकेची प्रत ओएसिस लेबलची, ब्रिटनची जीटीओ, जर्मनीची अटलांटिक, हॉलंडची ग्रूव्ही. इटलीची पण एक दिसली ती ड्युरियमची. मला वाटायचं कॅसाब्लांका लेबल म्हणजे डोना समर आणि डोना समर म्हणजे कॅसाब्लांका. हे बाकीचे कोण? पायरेटेड आहेत का?

आणि तिसरं म्हणजे गाण्याची लांबी. कुठे सतरा मिनिटं, कुठे पाच, एका हिट्सच्या रेकॉर्डवर तर त्याहून कमी. देशाप्रमाणे गाणं कापलंय की काय? शेवटी घ्यायची एकच आहे, तेव्हा कुठली घेऊ तेही सांगा.

जुनी_सुई:

पायरेटेड नाहीत, सगळ्या अधिकृत आहेत. हे समजून घ्यायला ती कुठे होती ते आधी बघावं लागतं.

बाई जन्माने बॉस्टनच्या, १९४८ च्या, मूळ नाव लाडोना एड्रियन गेन्स. पण करिअर अमेरिकेत सुरूच झालं नाही. 'हेअर' या म्युझिकलच्या जर्मन प्रयोगात काम मिळालं म्हणून १९६८ मध्ये म्युनिकला गेली, तिथे राहिली, जर्मन शिकली, हेल्मुट सोमर नावाच्या ऑस्ट्रियन नटाशी लग्न केलं. समर हे आडनाव त्या सोमरचंच, रेकॉर्डच्या कव्हरवर छापताना एक अक्षर बदललं आणि तेच चिकटलं असं सांगतात. म्युनिकलाच तिला जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट हे निर्माते भेटले. एक इटालियन, एक इंग्रज, गाणारी अमेरिकन, रेकॉर्डिंग जर्मनीत. आणि पहिल्या अल्बमचा करार कोणाशी, तर हॉलंडच्या ग्रूव्ही रेकॉर्ड्सशी! म्हणजे सुरुवातीलाच पाच देश गुंतलेत, लेबलं सरळ कुठून असणार.

'लेडी ऑफ द नाइट' १९७४ चाच आणि पहिला तोच, यात वाद नाही. त्यातलं 'द होस्टेज' हॉलंड आणि बेल्जियममध्ये चांगलं गाजलं. गाणं अपहरणाचं आहे, आणि जर्मनीत त्याच सुमाराला एका राजकारण्याचं अपहरण झालेलं, त्यामुळे तिथल्या रेडिओने ते काढून टाकलं. म्हणजे बघा, एकच गाणं एका देशात हिट आणि शेजारच्या देशात रेडिओवरून गायब. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तर तो अल्बम तेव्हा निघालाच नाही. त्यामुळे अमेरिकन लोक यादी करायला बसले की १९७५ पासून मोजतात. त्यांच्यापर्यंत पोचलेला पहिला तो.

आता 'लव्ह टू लव्ह यू बेबी'. हे आधी युरोपात साधं सिंगल म्हणून आलं, नावात 'बेबी' नव्हतं. तिकडे फार काही धुमाकूळ घातला नाही. मोरोडरने ते अमेरिकेत नील बोगार्टला ऐकवलं, हा बोगार्ट म्हणजे कॅसाब्लांका रेकॉर्ड्सचा मालक. त्याने घरच्या पार्टीत लावलं तर लोक परत लाव परत लाव करायला लागले, सुई उचलून दर वेळी सुरुवातीला ठेवायची म्हणजे कटकटच. मग त्याने म्युनिकला निरोप धाडला की हे लांब करून द्या, अल्बमची एक अख्खी बाजू भरेल एवढं. त्यांनी मधे नवीन भाग घालून ते जवळजवळ सतरा मिनिटांचं केलं. ऑगस्ट १९७५ मध्ये अल्बम आला. अमेरिकेत सिंगल दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये चौथ्या, तेही गाण्यातल्या उसाशांमुळे बीबीसीने सुरुवातीला हात लावायला नकार दिलेला असताना.

ओएसिसबद्दल म्हणशील तर ते मोरोडरचंच लेबल. डोनाचा करार ओएसिसशी, आणि अमेरिकेत ओएसिसचा माल बाजारात न्यायचा तो कॅसाब्लांकाने. म्हणून सुरुवातीच्या अमेरिकन प्रतींवर मोठं नाव ओएसिसचं. तू म्हणतोस ते डोना म्हणजे कॅसाब्लांका हे नंतरचं चित्र.

बासवाला:

जुनी_सुईने सगळं सांगितलंच आहे, मी फक्त भांडायला आलोय. 'लेडी ऑफ द नाइट' कागदावर पहिला असेल, पण डिस्को ऐकायची म्हणून त्याच्यापासून सुरुवात केलीस तर पस्तावशील. त्यात डिस्को नाहीच रे. सत्तरीतलं युरोपियन पॉप आहे, थोडं फोक, थोडं नाटकी. आवाज मात्र कमाल, पुढे ती काय करणार याची चाहूल लागते, पण डिस्कोचा तो एकसारखा चार-चारचा ठोका शोधत बसशील. आधी १९७५ चा ऐक, मग 'अ लव्ह ट्रिलॉजी', मग 'फोर सीझन्स ऑफ लव्ह', आणि कान तयार झाला की मागे जाऊन हॉलंडवाला.

आणि प्रत जर्मन घे. रेकॉर्डिंग म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत, टेप म्युनिकमध्ये, मग रेकॉर्ड पण तिकडचीच चांगली असणार ना. विषय संपला.

कॅसेट_ते_क्लाउड:

विषय कसला संपतोय.

लेबलं वेगळी का, याचं उत्तर अजून नीट आलं नाही म्हणून लिहितो. त्या काळात मोरोडरसारख्या निर्मात्याकडे जगभर रेकॉर्ड पोचवणारी यंत्रणा नव्हती. तो गाणं तयार करायचा आणि एकेका देशाचे हक्क तिथल्या कंपनीला द्यायचा. लायसन्स म्हणतात तसं. हॉलंड ग्रूव्हीला, ब्रिटन जीटीओला, जर्मनी अटलांटिकला, इटली ड्युरियमला. प्रत्येक कंपनीला मास्टर टेपची एक कॉपी जायची, ती स्वतःच्या इंजिनियरकडून तबकडी कापून घ्यायची, स्वतःच्या किंवा ओळखीच्या कारखान्यात छापायची, कव्हर पण तिथेच. तारीख सुद्धा आपापल्या सोयीची. सिंगल कुठलं काढायचं, मागच्या बाजूला काय टाकायचं हे पण ज्याचं तो ठरवणार. म्हणून एका गाण्याची कुंडली देशाप्रमाणे बदलते, यात कोणी कोणाला फसवत नव्हतं, धंद्याची रीतच तशी होती.

आता लांबीचं. देशाने गाणं कापलेलं नाही, रेकॉर्डच्या आकाराने कापलंय. सात इंची सिंगलवर ४५ च्या स्पीडने पाचेक मिनिटं नीट बसतात, त्याच्यापुढे गेलं की खाचा एकमेकींना इतक्या खेटून येतात की आवाज बारीक करावा लागतो. रेडिओला तर त्याहूनही छोटं हवं असतं. त्यामुळे सिंगलवर पाच मिनिटांच्या आसपासचा तुकडा. लांब गाणं हवं असेल तर एलपीच. आणि एक गोष्ट लोक विसरतात, बारा इंची सिंगल दुकानात विकायला यायला १९७६ उजाडलं, सॅलसोल लेबलने डबल एक्सपोजर या ग्रुपचं 'टेन पर्सेंट' काढलं ते पहिलं मानतात. म्हणजे १९७५ च्या शेवटी क्लबमधल्या डीजेला सतरा मिनिटांचं 'लव्ह टू लव्ह यू बेबी' पाहिजे असेल तर अख्खा अल्बम घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं! बोगार्टने एक बाजू भरायला सांगितली त्यात धंद्याचं डोकं किती होतं ते बघा. साधारणपणे डिस्कोवाल्यांचं सिंगल विकलं जायचं आणि अल्बम पडून राहायचा, इथे अल्बम हाच माल झाला.

तू पाहिलेली सगळ्यात छोटी आवृत्ती १९७९ च्या 'ऑन द रेडिओ' या हिट्सच्या डबल अल्बमवरची असणार. त्यात गाणी कापून एकात एक मिसळलेली आहेत, पार्टीला लावून द्यायला छान, पण त्यावरून मूळ गाण्याचा अंदाज घेऊ नकोस.

आणि बासवाला, टेप म्युनिकमध्ये म्हणून जर्मन प्रत चांगली हे गणित बरोबर वाटतं पण पुरेसं नाही. तबकडी कोणी कापली, रेकॉर्ड छापायचा साचा कितवा, हे टेप कुठे होती याच्याइतकंच महत्त्वाचं. थकलेल्या साच्यातून निघालेली जर्मन प्रत असण्यापेक्षा ताज्या साच्यातली अमेरिकन प्रत मी कधीही घेईन. आणि हा अल्बम ज्याच्यासाठी असा बांधला तो गिऱ्हाईक अमेरिकेतला होता हेही लक्षात घे.

बासवाला:

ऐकल्या आहेत दोन्ही. जर्मनच. माझ्या कानांना वाद घालता येत नाही, मी काय करू.

रात्रपाळी:

वा, एवढं सगळं एका प्रश्नात मिळालं. म्हणजे अल्बममधलं मोठं गाणं सगळीकडे एकच, फक्त घराणं वेगळं. बाजू दोनबद्दल कोणीच बोललं नाही पण? का ती नुसती भरती आहे?

आणि हा प्रकार फक्त या एका अल्बमपुरता की पुढे पण असंच? 'आय फील लव्ह' घ्यायचं झालं तर परत हेच रामायण का?

मिनू_मिक्सटेप:

बाजू दोनवर मी बोलते कारण तिच्यावर फार अन्याय होतो. 'फुल ऑफ एम्प्टीनेस', 'नीड-अ-मॅन ब्लूज', 'व्हिस्परिंग वेव्ह्ज', 'पँडोराज बॉक्स' आणि शेवटी परत 'फुल ऑफ एम्प्टीनेस' चा छोटा तुकडा. गंमत म्हणजे 'फुल ऑफ एम्प्टीनेस' हे नवीन नाहीच, ते 'लेडी ऑफ द नाइट' वरचं. अमेरिकेत तो अल्बम कोणी पाहिलेलाच नव्हता त्यामुळे तिकडच्या लोकांना ते नवं कोरं गाणं, आणि हॉलंडमधल्या माणसाने दोन्ही रेकॉर्ड घेतल्या तर त्याला तेच परत. म्हणजे रात्रपाळी, तुझ्या त्या पहिल्या-दुसऱ्या अल्बमच्या वादाचा एक तुकडा या रेकॉर्डच्या आतच बसलाय. 'व्हिस्परिंग वेव्ह्ज' रात्री ऐक, पहिल्या बाजूच्या गोंगाटात लोकांनी तिच्याकडे बघितलंच नाही. डोना फक्त उसासे टाकायची असं ज्यांना वाटतं त्यांना ही बाजू आधी ऐकवायला हवी. तिला स्वतःलाही तो शिक्का आवडत नव्हता.

'आय फील लव्ह' चं म्हणशील तर रामायणाचा उत्तरार्ध आहे. १९७७ चा 'आय रिमेम्बर यस्टरडे' अल्बम, त्याची कल्पना अशी की गाणी जुन्या दशकांच्या बाजाने सुरू होतात, पुढे पुढे येतात आणि शेवटचं गाणं भविष्यातलं. ते भविष्यातलं म्हणजे 'आय फील लव्ह', जवळजवळ सगळं मूग सिंथेसायझरवर. आता अमेरिकेत कॅसाब्लांकाने काय केलं, 'कान्ट वी जस्ट सिट डाउन' नावाचं संथ गाणं पुढच्या बाजूला आणि 'आय फील लव्ह' मागच्या बाजूला! मागच्या!! डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि मग कंपनीला जाग आली, शेवटी अमेरिकेत सहाव्या नंबरपर्यंत पोचलं. तिकडे ब्रिटनमध्ये जीटीओने ते पुढच्या बाजूला टाकलं आणि जुलै १९७७ मध्ये पहिला नंबर, तो पण चार आठवडे. गाणं तेच, टेप तीच, पण एका कंपनीने ओळखलं आणि दुसरीने झोपा काढल्या. मला तरी या लायसन्स प्रकरणातलं हेच सगळ्यात आवडतं, एका देशाचा कान चुकला तर दुसऱ्या देशाचा कान शाबूत असायचा. एकच कंपनी जगभर एकाच दिवशी सोडते तेव्हा चुकलं की सगळीकडेच चुकतं.

जुनी_सुई:

मिनूने छान लिहिलंय. त्याला जोडून, हा घोळ हळूहळू संपला तो कसा ते पण सांगतो. १९७७ मध्ये पॉलिग्राम या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने कॅसाब्लांकाचा निम्मा हिस्सा घेतला. ब्रिटनमध्ये पण त्याच सुमाराला डोना जीटीओवरून कॅसाब्लांकावर आली. त्यामुळे 'लाइव्ह अँड मोअर' १९७८, 'बॅड गर्ल्स' १९७९ इथपर्यंत येईस्तोवर तू कुठल्याही देशाची प्रत उचल, बहुतेक कॅसाब्लांकाच दिसेल. आणि नेमकी तीच तिची शिखराची वर्षं, 'लाइव्ह अँड मोअर', 'बॅड गर्ल्स', 'ऑन द रेडिओ' हे तिन्ही डबल अल्बम लागोपाठ अमेरिकेत पहिल्या नंबरवर. म्हणून लोकांच्या डोक्यात कॅसाब्लांका एवढं पक्कं बसलंय.

नंतर ती कॅसाब्लांका सोडून गेफन या लेबलला गेली, १९८० चा 'द वाँडरर' त्यांचा. मग १९८१ मध्ये 'आय'म अ रेनबो' नावाचा डबल अल्बम तयार झाला आणि गेफनने तो बाहेरच काढला नाही. थेट १९९६ ला आला! पंधरा वर्षं कपाटात. म्हणजे देशादेशांतला फरक संपला तर काळाचा फरक सुरू.

सीडी घेणार असशील तर एक सावध करतो. 'लाइव्ह अँड मोअर' ची सीडी बघून घे. मूळ एलपीची चौथी बाजू म्हणजे 'मॅकआर्थर पार्क' ची लांबलचक सलग मालिका, अल्बम लोकांनी घेतला तो बराचसा त्याच्यासाठी. सीडीवर सगळं मावेना म्हणून ती काढून तिच्या जागी 'डाउन डीप इनसाइड' टाकलं, 'द डीप' सिनेमातलं. गाणं चांगलंय पण हे म्हणजे पुरणपोळीतून पुरणच काढून घेतल्यासारखं झालं. ती मालिका हवी तर १९८७ चं 'द डान्स कलेक्शन' बघ, त्यात आहे, नाहीतर जुनी एलपी.

रात्रपाळी:

बापरे. ठीक, आधी 'लव्ह टू लव्ह यू बेबी' ची एलपीच घेतो. सेकंडहँड घेताना बघायचं काय? विक्रेते सगळेच 'उत्तम स्थिती' लिहितात.

कॅसेट_ते_क्लाउड:

या अल्बमचा एक खास रोग आहे, तो आधी बघ. पहिली बाजू झिजलेली आणि दुसरी कोरी. उघडच आहे, जो तो पहिलीच वाजवायचा. त्यातून प्रत क्लबमधली किंवा डीजेकडची असेल तर संपलंच. उजेडात तिरकी धरली की पहिली बाजू राखाडी दिसते, दुसरी काळीभोर चकचकीत. मधल्या भोकाभोवती लेबलवर बघ, रेकॉर्डप्लेयरचा खिळा शोधताना रेकॉर्ड फिरवल्याचे बारीक चंदेरी ओरखडे दिसतात का. कोळ्याच्या जाळ्यासारखे दाट असतील तर ती प्रत घरात बसून कोणी ऐकलेली नाही. गाण्यात शांत जागा भरपूर आहेत, नुसतं बास, हायहॅट आणि तिचा श्वास, तिथे एकेक खरखर ऐकू येते. दणदणीत रॉकच्या रेकॉर्डमध्ये जे खपून जातं ते इथे खपत नाही.

देश ओळखायचा असेल तर कव्हरवर विश्वास ठेवू नकोस, कव्हरं बदलली जातात. लेबल बघ. जर्मन असेल तर गेमा हा शिक्का चौकटीत छापलेला असतो, डच असेल तर स्टेम्रा, इटालियन असेल तर एसआयएई. या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था, लेबलच्या कडेला बारीक अक्षरात असतं. मग गाणं संपल्यावर मधे जी कोरी पट्टी राहते तिथे सुईने कोरल्यासारखे आकडे असतात, टॉर्च तिरका धरून वाच आणि विक्रेत्याकडून तेच लिहून माग. तबकडी कुठल्या कापणीची ते त्यावरून कळतं, लेबल एका देशाचं आणि कापणी दुसऱ्या देशाची असंही होतं.

अमेरिकन प्रतीच्या कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं दिसलं तर घाबरू नकोस, तो उरलेला माल स्वस्तात काढल्याची खूण. उलट अशा प्रती कमी वाजलेल्या असू शकतात.

मिनू_मिक्सटेप:

आणि 'पहिली आवृत्ती आहे' म्हणून जास्त पैसे मागितले तर विचार, कुठल्या देशाची पहिली? अर्धे विक्रेते तिथेच गडबडतात.

बासवाला:

जर्मन.

रात्रपाळी:

एक ओएसिसवाली आणि एक अटलांटिकवाली दोन्ही नजरेत आहेत. दोघांनाही लिहिलं की पहिल्या बाजूचा तिरक्या उजेडातला फोटो आणि मधल्या पट्टीतले आकडे पाठवा. ओएसिसवाल्याने दोन्ही पाठवले, बाजू बरीच स्वच्छ वाटतेय, भोकाभोवती दोनचार ओरखडे फक्त. अटलांटिकवाल्याने फोटो पाठवलाय पण तो दुसऱ्या बाजूचा. परत मागितला तर परत दुसऱ्याच बाजूचा, अजून जवळून.

बासवाला:

ओएसिस घे.

कॅसेट_ते_क्लाउड:

हाहाहा, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.